मार्गशीर्षातला माशांचा वास

मार्गशीर्ष लागला की आमच्या घरात मासे बंद. सासूबाई गुरुवारचं महालक्ष्मीचं व्रत करतात, घट मांडतात, पोथी वाचतात आणि महिनाभर घरात अंडंसुद्धा येत नाही. मी वेंगुर्ल्याची. एरवी पुण्यात गणेश पेठेतल्या मासळी बाजारात माझी फेरी चुकत नाही, पण हा महिना मीही मनापासून पाळते. सुक्या बोंबलांचा डबा तेवढा दोन पिशव्यांत गुंडाळून बाल्कनीतल्या कपाटात जातो.

म्हणूनच गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी भांड्यांना येणाऱ्या मावशींनी दारात चपला काढता काढता विचारलं, "ताई, मासं आणलं व्हय?" तेव्हा देवघरातून आईंनी मान वळवून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मला तोवर काहीच जाणवलं नव्हतं. नाकाचं हे असं असतं. ज्या हवेत आपण बराच वेळ असतो, त्या हवेतल्या वासाची दखल घेणं नाक आणि मेंदू मिळून थांबवतात. माणसाच्या नाकात वास टिपणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहकं असतात. ही सगळी यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ साली नोबेल मिळालं. पण एवढी मोठी फौज असूनही एकाच वासात काही मिनिटं काढली की तो वास आपल्यापुरता संपतो. म्हणून घराचा वास पाहुण्याला कळतो, घरच्यांना नाही. मी खाली फाटकापर्यंत गेले, तिथे थोडा वेळ मोकळ्या हवेत उभी राहिले आणि जिना चढून परत आले. मावशी बरोबर होत्या. दार उघडून पॅसेजमध्ये पाऊल टाकताच वास आला.

तो ताज्या माशाचा वास नव्हता. ताज्या बांगड्याला किंवा सुरमईला वास जवळजवळ नसतोच, असला तर समुद्राचा, शेवाळाचा असतो. हा वास दुपारपर्यंत न विकलेल्या, टोपलीच्या तळाशी राहिलेल्या मासळीचा होता. त्यामागे आणखी काहीतरी होतं, डोळ्यांच्या कडांना चुरचुरणारं, मुतारीकडे झुकणारं. जळकट वास मात्र अजिबात नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण जळका वास आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. आम्ही लगेच वायरमनला बोलावलं असतं.

बोंबलांचा डबा तपासला. पिशव्यांच्या गाठी तशाच घट्ट होत्या, आणि बाल्कनी पॅसेजच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे.

अनोळखी वास आला की सगळ्यात आधी गॅस बघायचा, ही माझ्या माहेरची शिस्त. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं गंधकयुक्त रसायन मुद्दाम मिसळतात. सडलेल्या कोबीची आठवण करून देणारा तो उग्र वास त्याचाच. इंधनवायूला असा वास लावण्याची सक्ती एका भयंकर घटनेनंतर आली. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात साठलेल्या, वास नसलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि तीनशेच्या आसपास मुलं आणि शिक्षक दगावले. वर वर्गात बसलेल्या कोणालाही काही कळलं नव्हतं. मला ही गोष्ट माहीत झाल्यापासून सिलेंडरचा तो नकोसा वास मी कधी नकोसा म्हणत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, म्हणून ओट्याखाली बसून फरशीजवळ वास घेतला. नळीला, रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहिलं. नाही. (येत असते तर दिव्याचं बटणसुद्धा न दाबता खिडक्या उघडून, सिलेंडर बंद करून बाहेर पडायचं आणि १९०६ ला फोन करायचा. हा नंबर आमच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे.)

मग मोऱ्या. पाहुण्यांसाठीचं बाथरूम आमच्याकडे महिनोन्‌महिने वापरात नसतं. फरशीतल्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं राहतं. गटारातला वायू घरात येऊ न देणारा पडदा तो एवढाच. मोरी वापरली नाही की हे पाणी उडून जातं आणि बिल्डिंगचं सगळं ड्रेनेज तुमच्या बाथरूमला जोडलं जातं. पाण्यानेच वास अडवण्याची ही युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली संडासाच्या नळाला दिलेल्या इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षं उलटली तरी यापेक्षा सोपं काही निघालेलं नाही. मी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. खरं तर तिथून येणारा वास वेगळाच असतो, हायड्रोजन सल्फाइडचा, सडक्या अंड्यांचा. आणि हा वायू फार दगाबाज आहे. त्याचं प्रमाण हवेत फार वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत उतरवल्या जाणाऱ्या कामगारांचे जीव त्यात जातात. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या बातम्या थांबलेल्या नाहीत. मोरीच्या वासाबद्दल लिहिताना हे न लिहिणं मला जमणार नाही.

पाणी ओतलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी वास होताच.

मेलेला उंदीर म्हणावा तर माळा रिकामा करून झाला. फ्रीजच्या मागचा पाण्याचा ट्रे धुतला, चपलांचं कपाट ओढून बाहेर काढलं, केराचा डबा उन्हात ठेवला. यात काही सापडलं नाही, पण या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली. मेलेला प्राणी सुट्टी घेत नाही. त्याचा वास रात्रंदिवस येतो, रोज वाढतो, निळ्या-हिरव्या माश्या घोंघावू लागतात. आमचा वास यायचा आणि जायचा. दुपारी घर अगदी स्वच्छ. म्हणजे जे काही होतं, ते कधीतरी सुरू होत होतं आणि कधीतरी बंद.

दरम्यान, वास आमच्या दाराबाहेर पोचला होता. जिन्यात, लिफ्टसमोर. आमच्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये कोलकात्याहून आलेलं एक जोडपं भाड्याने राहतं, त्यांची मुलगी बालवाडीत जाते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: मजल्यावर नॉनव्हेजचा वास येतो, मार्गशीर्ष चालू आहे, भाडेकरूंनी भान ठेवावं. नाव नव्हतं. नाव लिहायची गरजच नव्हती. खाली अंगठे येत गेले.

माझं रक्त उसळलं. माशाच्या वासावरून माणसाला घर नाकारणं, दारातून परत पाठवणं या शहरात मी जवळून पाहिलेलं आहे. लग्नाआधी नोकरीसाठी आले तेव्हा जागा दाखवणारे लोक 'तुम्ही वेज ना?' हा प्रश्न डिपॉझिटच्या आधी विचारायचे. आम्ही आता फ्लॅटचे मालक आहोत, आडनाव मराठी आहे, आई व्रत करतात, म्हणून बोट आमच्या दाराकडे आलं नाही. ते सरळ समोर गेलं.

लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधली ती भेटली. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "दीदी, हम तो सिर्फ़ इतवार को बनाते हैं। खिड़की भी बंद रखती हूँ।" मुलीचा हात तिने घट्ट धरला होता. मी तिला म्हटलं, "तुम्हारी मछली का नहीं है ये। मुझे पता है।"

तिला बरं वाटावं म्हणून मी ते म्हटलं नव्हतं. मला खरोखरच माहीत होतं. त्यांच्याकडे येतात ते मासे गोड्या पाण्यातले, रोहू किंवा कातला. हळद-मीठ लावून मोहरीच्या तेलात तळतात, त्या तेलाची झणझणीत वाफ आधी नाकाला लागते. रोहूला स्वतःचा वास असतो तो मातकट. तळ्यातले जीवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते माशाच्या अंगात मुरतं. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो त्यातही हेच द्रव्य असतं. आमच्या पॅसेजमधला वास मात्र समुद्राच्या माशाचा, तोही शिळ्या. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं. खाऱ्या पाण्यात आणि खोलातल्या दाबाखाली शरीराचा तोल राखायला ते लागतं. जितका खोल समुद्र, तितकं त्याचं प्रमाण जास्त. त्याला स्वतःला वास नाही. मासा मेल्यावर जीवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि मग ज्याला आपण माशाचा वास म्हणतो तो सुटतो. गोड्या पाण्यातल्या माशात हा कच्चा मालच फारसा नसतो. शिवाय सकाळी सातला, बालवाडीची बस पकडायच्या घाईत, मासे तळतं कोण?

हे सगळं ग्रुपवर लिहून कोणी ऐकलं नसतं. उगम दाखवावा लागणार होता.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं. त्याच्या चौकटींत आई दुधाचा हिशेब लिहितात, सिलेंडर लावल्याची तारीख लिहितात, मावशींचे खाडे लिहितात. त्याच चौकटींत मी पेन्सिलीने वासाची वेळ लिहायला लागले. आत्ता आला, आत्ता गेला, एवढंच. कोणत्या खोलीत जास्त, तेही एका अक्षरात. सुरुवातीला काही अर्थ लागला नाही. पण आठवडे भरत गेले, तशा वारांच्या ओळी बोलायला लागल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास. शुक्रवार-शनिवारीही तसंच. रविवारी मात्र नऊ वाजून गेल्यावर. आणि गुरुवारी सहाच्याही आधी, बाहेर अजून अंधार असताना.

गुरुवारच्या ओळीवर बोट ठेवून मी उभी राहिले. गुरुवारी आमच्याकडे लवकर काय होतं? घट मांडायचा असतो. त्याआधी आईंची अंघोळ. रविवारी सगळे उशिरा उठतात, अंघोळी उशिरा होतात. आणि एका चौकटीत नुसती रेघ होती, त्या दिवशी वास नव्हता. तिच्या खालीच आईंच्या अक्षरात 'पहाटेपासून लाईट नाही' असं लिहिलेलं. त्या दिवशी आम्ही पाणी गॅसवर तापवलं होतं.

वास अंघोळीच्या मागोमाग चालत होता. अंघोळीच्या आधी आमच्या घरात एकच गोष्ट चालू होते: गिझर.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गिझर लावला आणि पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसले. आमची बिल्डिंग नव्वदच्या दशकातली. गिझर बाथरूमच्या आत भिंतीवर वर आहे, पण त्याची वायर भिंतीला भोक पाडून बाहेर आणलेली आहे आणि पॅसेजमधल्या बोर्डावर पंधरा अँपिअरच्या पॉइंटमध्ये प्लग लावलेला आहे, मुख्य दाराला अगदी लागून. दाराखाली बोटभर फट आहे. आमच्या घरात सुटलेला वास त्या फटीतून जिन्यात जात होता आणि समोरच्या बंद दाराबाहेर घोटाळत होता. जिना चढून येणाऱ्याला दोन दारं दिसायची. त्यातलं कुठलं दार दोषी, हे तो वास येण्याआधीच ठरवून आलेला असायचा.

थोड्या वेळाने हाताची पालथी बाजू बोर्डाच्या प्लेटजवळ नेली. स्पर्शही करावा लागला नाही. ऊब जाणवली. नाक जवळ नेलं आणि तीच टोपली, तीच मुतारी, आता अंतर न ठेवता. बाथरूममध्ये उलट काहीच नव्हतं, फक्त भिंतीची ओल आणि साबण. गिझरचं बटण बंद केलं, मग मेन बोर्डवर जाऊन त्याचा एमसीबी (जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच) पाडला आणि आईंना सांगितलं की आज पाणी गॅसवर.

आमच्या भागात वर्षानुवर्षं काम करणारे एक वायरमन काका आहेत. ते आले, त्यांनी टेस्टरने बोर्डात वीज नसल्याची खात्री केली, प्लग ओढला. प्लग सहज निघाला नाही, चिकटला होता. एक पितळी पिन स्वच्छ पिवळी होती. दुसरी निम्म्यापर्यंत निळसर काळी. काकांनी प्लेटचे स्क्रू काढले आणि प्लेट पुढे ओढली, तसा वास घरभर झाला. आतल्या दृश्यात आग नव्हती, काजळी नव्हती. सॉकेटच्या पांढऱ्या मालावर एका भोकाभोवती तपकिरी कडं उमटलेलं होतं, मध्ये गडद आणि कडेला फिकट, आणि त्यातून एक केसासारखी बारीक भेग आरपार गेलेली. त्या टर्मिनलला आलेली लाल वायर टोकाकडे चॉकलेटी झाली होती. काकांनी ती नखाने दाबली तर वरचं प्लास्टिक कुरकुरत तुटलं. आतलं तांबं काळपट, त्यातल्या काही तारा टर्मिनलच्या बाहेरच. मग त्यांनी टर्मिनलच्या स्क्रूवर टेस्टर ठेवला आणि नुसतं बोटांनी फिरवलं. स्क्रू जवळजवळ दोन वेढे आत गेला. एवढा तो सैल होता.

"वहिनी, हा वास आमच्या ओळखीचा आहे," काका म्हणाले. "लोक मासे मासे करतात, मांजर शोधतात. आम्ही सरळ पॉवर पॉइंट बघतो. यात आधी धूर येत नाही, आधी हा वास येतो."

त्यानंतर मी यावर मिळेल ते वाचून काढलं. जुने पांढरे स्विच आणि सॉकेट बहुतेक युरिया-फॉर्माल्डिहाइडचे असतात. लिओ बेकलंडने १९०७ साली फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बॅकेलाइट बनवलं, घरोघरचे काळे-तपकिरी स्विच त्याचे. पण त्याला पांढरा रंग घेता येत नव्हता. पुढे १९२०च्या दशकात फिनॉलऐवजी युरिया वापरून पांढरा माल करता येऊ लागला. हे प्लास्टिक एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून विजेच्या सामानाला चांगलं. पण बराच काळ तापत राहिलं तर त्याच्या साखळ्या तुटतात आणि त्यातला नायट्रोजन अमोनिया आणि अमाइन जातीच्या वायूंच्या रूपात बाहेर पडतो. शिळ्या माशाचा वास देणारं द्रव्यही अमाइनच. म्हणजे मावशींच्या नाकाने सांगितलं ते अगदी योग्य होतं. रसायनाचं कूळ एकच, गाव वेगळं.

हे वाचताना मला कोकमाची आठवण झाली. अमाइन अल्कधर्मी असतात. त्यांना आंबट भेटलं की त्यांचं क्षार बनतं आणि क्षार हवेत उडत नाही, वास बसतो. बांगड्याच्या तिखल्यात आमसूल, तळायच्या तुकड्यांना लिंबू, मासे साफ केलेल्या हातांना कोकमाचं पाणी, या सगळ्यामागे हेच आहे. माझ्या आजीने हे पुस्तकातून शिकलेलं नव्हतं. तिच्या हाताला दुपारनंतर कधी वास येत नसे.

एकाच वासाचे दोन उगम असू शकतात, हेही तिच्यामुळे मला लहानपणापासून माहीत होतं. वेंगुर्ल्याच्या घरी रात्री सगळी निजानीज झाल्यावर कधीकधी नव्या तांदळाचा भात शिजल्याचा वास यायचा. चूल विझलेली. मी विचारलं की आजी पडल्या पडल्या सांगायची, "उदमांजर इला असतला माळ्यार." पुष्कळ वर्षांनी वाचलं, की रतनलाल ब्रह्मचारी या बंगाली शास्त्रज्ञाने वाघ हद्द आखण्यासाठी जो फवारा मारतो त्याचा अभ्यास केला, आणि त्यात सापडलेलं एक द्रव्य बासमतीला सुगंध देणारंच होतं, २-असिटाइल-१-पायरोलीन. उदमांजराच्याच कुळातल्या बिंटुराँग या प्राण्याच्या मूत्रातही ते मिळालं आहे. आजीला नाव ठाऊक नव्हतं, पण अंधारात भाताचा वास आला म्हणून तिने कधी शेजारणीच्या चुलीवर संशय घेतला नाही. ती वेळ बघायची, वारा बघायची, कौलांकडे कान द्यायची.

आता मुख्य प्रश्न. एमसीबी का पडला नाही? घरी सगळ्यांनी हाच विचारला आणि तो महत्त्वाचा आहे, कारण आपण सगळे एमसीबीच्या भरवशावर झोपतो. गिझर २,००० वॅटचा. २३० व्होल्टवर तो साधारण ८.७ अँपिअर वीज ओढतो. स्क्रू सैल झाला म्हणून गिझर जास्त वीज ओढत नाही, उलट किंचित कमीच ओढतो. एमसीबी प्रवाह मोजतो. प्रवाह ठरलेल्या मर्यादेच्या आत, म्हणून तो गप्प. गळती झाली तर पडणारा तो दुसरा स्विच, ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो, तो जमिनीकडे वीज जाते का एवढंच बघतो. इथे वीज कुठेही गळत नव्हती, म्हणून तोही गप्प. सगळा बिघाड त्या एका सैल जोडात होता. जिथे तांबं पितळेला घट्ट टेकायला हवं, तिथे ते नुसतं शिवत होतं. अशा जोडाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, अर्धा ओहम जरी झाला, तरी ८.७ अँपिअरला तिथे ३८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कथील वितळवायला वापरतात ती डाखणी बहुतेक २५ वॅटची असते. तिच्याहून जास्त तापणारी वस्तू आमच्या भिंतीत, सुकलेल्या प्लास्टिकमध्ये, चपलांच्या लाकडी कपाटाच्या वर, रोज सकाळी चालू होत होती.

आणि ते वाढत जाणारं दुखणं असतं. गिझर लागला की जोड तापतो, धातू फुगतो. बंद केला की आकसतो. रोजच्या या ये-जा करण्याने स्क्रू आणखी सैल होतो. तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, त्यातून वीज नीट जात नाही, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. थंडीत गिझर जास्त वेळ चालतो, म्हणून हे दुखणं डिसेंबर-जानेवारीत वर येतं. शेवटी एखाद्या दिवशी जोडात ठिणगी पडते. तोवर घरातल्या एकाही यंत्राला काही कळत नाही. कळतं ते फक्त नाकाला, आणि तेही बाहेरून आलेल्या नाकाला. मावशींनी त्या सकाळी विचारलं नसतं तर, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. मी त्यांना तो जळका सॉकेट दाखवला, तो काय करणार होता ते सांगितलं. त्यांनी तो हातात घेऊन हुंगला आणि म्हणाल्या, "हाच की वो."

काकांनी पंधराचा पॉइंट काढूनच टाकला. आता तिथे २० अँपिअरचा डीपी स्विच (दोन्ही तारा एकदम तोडणारा) आहे, गिझरची वायर थेट त्यात जाते, प्लग-सॉकेटचा सैल होणारा जोडच नाही. वायर बदलून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची घातली. वर्षातून एकदा, थंडी सुरू व्हायच्या आधी, गिझर, एसी, इस्त्री आणि वॉशिंग मशीनच्या पॉइंटचे स्क्रू आवळून घ्यायचे असं त्यांनी सांगितलं. काम थोड्या वेळाचं असतं, पण कोणी करवून घेत नाही, कारण दिवे लागत असतात, पंखे फिरत असतात.

मी जळक्या सॉकेटचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली सविस्तर लिहिलं: वास आमच्या घरातून येत होता, माशाचा नव्हता, कारण हे, आणि या बिल्डिंगमधले सगळे बोर्ड एकाच वर्षी एकाच ठेकेदाराने बसवलेले असल्यामुळे प्रत्येकाने आपापले पॉइंट तपासून घ्यावेत. त्यावर लोकांनी लगेच काकांचा नंबर मागितला. दुसऱ्या मजल्यावर एका घरात एसीच्या पॉइंटवर तसंच तपकिरी कडं निघालं. त्या घरातल्या आजोबांनी मला मुद्दाम फोन केला. समोरच्या कुटुंबाबद्दल मात्र ग्रुपवर एकानेही अक्षर लिहिलं नाही. तो पहिला मेसेज ज्याने टाकला होता त्याने माझ्या फोटोखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं, तेवढंच.

समोरची ती मात्र संध्याकाळी घरी आली. फोटो तिच्या नवऱ्याने दाखवला होता. मी तिला प्रत्यक्ष सॉकेट दाखवला. तिने तो नाकाशी नेला आणि पटकन बाजूला केला. "शुटकी जैसा," ती म्हणाली. सुक्या माशाला ते लोक शुटकी म्हणतात. मग बोंबील कसा करतात, शुटकी कशी करतात, यावर आमचं बोलणं लांबलं आणि आईही येऊन बसल्या. तिने जाताना विचारलं की रविवारी खिडकी उघडी ठेवली तर चालेल ना. आई म्हणाल्या, "खुली रखो बेटा, घर में हवा आनी चाहिए।"

पण एक गोष्ट राहिली आहे. त्या डिसेंबरात झालेल्या सोसायटीच्या विशेष सभेच्या इतिवृत्तात एक ठराव आहे: मांसाहारी पदार्थांच्या वासाबाबत आमच्या मजल्यावरील भाडेकरूंना समज देण्यात यावी. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. मी त्या सभेला गावी असल्यामुळे नव्हते. तो कागद सोसायटीच्या फाइलमध्ये आहे आणि घरमालकाने उद्या भाडेकरार वाढवायचा नाही असं ठरवलं, तर त्याला दाखवायला तो पुरेसा आहे. पुढच्या सभेची नोटीस लागली आहे. पहिला विषय नेहमीचाच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सहसा तो अर्ध्या मिनिटात, चहा येण्याच्या आत, संपतो. या वेळी त्या विषयावर मी हरकत घेणार आहे. तसं पत्र सेक्रेटरींना लेखी दिलं आहे, पोच घेतली आहे आणि सोबत सॉकेटचा फोटो आणि काकांचं बिल जोडलं आहे. ठराव रद्द व्हावा आणि कशामुळे रद्द झाला तेही इतिवृत्तात लिहिलं जावं, अशी मागणी आहे. अनुमोदक म्हणून सही दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी केली आहे.